डोन्या सिसांगची कंपनी: एलव्हीएनचे राजपुत्र आणि पडक्या चर्चमधली माणसं

एका फिल्म सोसायटीच्या तरुण सभासदाचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही फिलिपिनो चित्रपटांचे चार-पाच खेळ लावायचं ठरवतोय. दिग्दर्शक लिनो ब्रोका आम्हाला ठाऊक आहे. पण त्याच्या आधी तिथे काय होतं हे शोधायला गेलं की एलव्हीएन पिक्चर्स हे नाव सारखं समोर येतं. ही कंपनी नेमकी काय होती, तिने कोणते चित्रपट काढले आणि त्यातलं आज काय दाखवण्याजोगं आहे?"

माझं काम चित्रपट जतनाचं. रिळं तपासायची, निगेटिव्हची अवस्था नोंदवायची, कुठलं आधी वाचवायला हवं ते ठरवायचं, यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा इतिहास मी दोन बाजूंनी बघतो. तिने काय काढलं ही एक बाजू, आणि काढलेल्यातलं काय उरलं ही दुसरी. एलव्हीएनबद्दल बोलताना दोन्ही लागतात, म्हणून उत्तर लांबणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. एलव्हीएनची ओळख बहुतेक ठिकाणी तिच्या तीन-चार बक्षीसपात्र चित्रपटांवरून करून दिली जाते. तेवढ्यावर थांबलात तर ही कंपनी तुम्हाला समजणार नाही. पडक्या चर्चमध्ये राहणाऱ्या गरिबांचा चित्रपट आणि बोलणाऱ्या पक्ष्याच्या मागे जाणाऱ्या राजपुत्राचा चित्रपट एकाच घरातून आले. त्यांना पैसा एकाच तिजोरीतून मिळाला आणि ते एकाच लॅबमध्ये धुतले गेले. राजपुत्र नसते, तर ते पडकं चर्चही पडद्यावर आलं नसतं.

१९३८ साल. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या अंमलाखाली, पण स्वतःचं सरकार असलेला देश होता. आदल्याच वर्षी, डिसेंबर १९३७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष मान्युएल केसोन यांनी तागालोग भाषा राष्ट्रभाषेचा पाया म्हणून जाहीर केली होती. बोलपट नवे होते, मनिलातल्या मोठ्या थिएटरांत हॉलिवूडचा अंमल होता, आणि तागालोगमध्ये बोलणारा, गाणारा चित्रपट बघायला लोक आसुसलेले होते. अशा वेळी तीन घराण्यांनी मिळून कंपनी काढली: दे लिओन, व्हिलोन्को आणि नाव्होआ. त्यांच्या नावांतली एकेक अक्षरं घेऊन एलव्हीएन झालं. पुढे कारभार दे लिओन घराण्याकडेच आला, आणि त्या घराण्यात शब्द चालायचा तो एका बाईंचा.

त्यांचं नाव नार्सिसा बुएनकामिनो दे लिओन. सगळे त्यांना डोन्या सिसांग म्हणत. जन्म १८७७ चा, बुलाकान प्रांतातल्या सान मिगेल गावचा. विधवा होत्या, आणि घरची भातशेती मोठी होती. कंपनी निघाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ज्या वयात आपल्याकडे बायका किल्ल्या सुनेच्या हाती देतात, त्या वयात या बाईंनी स्टुडिओच्या किल्ल्या कमरेला लावल्या. पटकथा त्यांना पसंत पडल्याशिवाय चित्रीकरण सुरू होत नसे. गावाकडच्या गोष्टी, गाणी, लहानपणापासून ऐकलेल्या राजाराणीच्या कहाण्या ही त्यांची आवड. शहरी समीक्षकांना त्यांची ही आवड जुनाट वाटे. मला ती या कंपनीचं सगळ्यात मोठं भांडवल वाटते, कारण तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाची आवडही तीच होती आणि बाईंना ती कुणाकडून शिकावी लागली नव्हती.

पहिला चित्रपट १९३९ चा, 'गिलिव को', म्हणजे 'माझ्या लाडक्या' किंवा 'लाडके'. तागालोगमध्ये दोन्ही चालतं. दिग्दर्शक कार्लोस वान्दर तोलोसा. नायिका मिला देल सोल तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती. सोबत थोरले फर्नांडो पो. (त्यांचा मुलगा धाकटा फर्नांडो पो पुढे फिलिपिनो पडद्याचा राजा झाला आणि २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढला.) गावातली गाणारी मुलगी, गावचा प्रियकर आणि शहराची ओढ अशी कथा. आज बघताना कथेपेक्षा लक्षात राहतात ते शेतातले मोकळे प्रसंग आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा ताजेपणा.

मग १९४१ मध्ये 'इबोंग आदार्ना' आला. इथे थोडं थांबायला हवं.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राजवटीत 'आवित' आणि 'कोरिदो' नावाची पद्यकथांची परंपरा वाढली. स्वस्त छापील पुस्तिका, त्यात राजे, राजपुत्र, शाप, उःशाप. लोक त्या चालीवर म्हणत आणि जत्रेच्या रंगमंचावर त्यांचे खेळ होत. आपल्याकडच्या कहाण्या आणि आख्यानं आठवा, म्हणजे अंदाज येईल. आदार्ना पक्ष्याची गोष्ट तिथे पोराटोरांना पाठ असते. राजा आजारी पडतो. त्याला बरं करेल फक्त आदार्ना पक्ष्याचं गाणं. हा पक्षी ताबोर डोंगरावरच्या एका झळाळत्या झाडावर रात्री येतो, सात गाणी म्हणतो आणि प्रत्येक गाण्याला पिसांचा रंग पालटतो. ऐकणाऱ्याला झोप लागते, पक्ष्याची विष्ठा अंगावर पडते आणि माणसाचा दगड होतो. थोरले दोन भाऊ असेच दगड होऊन पडलेत. धाकटा हुआन मात्र एका साधूने सांगितल्याप्रमाणे वागतो. प्रत्येक गाण्याला आपल्या हातावर पात्याने एक चीर मारतो आणि तिच्यावर लिंबू पिळतो. सात गाणी, सात चिरा. त्या झोंबण्याने तो जागा राहतो.

ही गोष्ट कृष्णधवल पडद्यावर कशी दाखवायची? तिचा सगळा जीव तर रंग पालटण्यात आहे. एलव्हीएनच्या माणसांनी पक्ष्याचा प्रसंग हाताने रंगवला, एकेक चौकट घेऊन. सेकंदाला चोवीस चौकटी म्हणजे मिनिटाला १,४४०, आणि एक चौकट म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी खिडकी. तिच्यातल्या इवल्याशा पक्ष्यावर ब्रशच्या टोकाने रंग लावायचा, कडेबाहेर जाऊ द्यायचा नाही, पुढच्या चौकटीत तोच रंग त्याच जागी ठेवायचा. हातभर फिल्म रंगवून झाली तरी पडद्यावर ती जेमतेम सेकंदभर टिकते. मी हाताने रंगवलेली मूकपटाच्या काळातली फिल्म टेबलवर भिंगाखाली बघितली आहे. रंग किंचित थरथरतो, चौकटीगणिक कड हलते. दुसऱ्या कुठल्याही तंत्राने तशी थरथर येत नाही. आपल्याकडे 'प्रभात'ने १९३३ मध्ये 'सैरंध्री'साठी जर्मनीत रंगीत प्रती काढायचा प्रयत्न केला, तो फसला. मनिलात आठ वर्षांनी ब्रश हातात घेतला गेला. रंगाची भूक दोन्हीकडे सारखीच होती. 'इबोंग आदार्ना'ने गल्ला जोरदार जमवला आणि डोन्या सिसांगच्या आवडीवर व्यवहाराचं शिक्कामोर्तब झालं.

मग युद्ध आलं. जपानी फौजा १९४२ च्या सुरुवातीला मनिलात शिरल्या. कच्ची फिल्म मिळेना, चित्रीकरणं बंद पडली. नटनट्या नाटकांकडे आणि गाण्या-विनोदाच्या रंगमंचीय कार्यक्रमांकडे वळल्या. १९४५ च्या लढाईत मनिला जवळजवळ उद्ध्वस्त झालं. जुनं तटबंदीचं शहर इन्त्रामुरोस तर दगडाविटांचा ढीग होऊन राहिलं. त्या ढिगाकडे मी पुढे परत येणार आहे.

युद्ध संपल्यावर एलव्हीएन लवकर उभी राहिली. १९४६ मध्ये मान्युएल कोंदेचा 'ओरासांग गिन्तो' (सोन्याचं घड्याळ) आला. त्याच वर्षीच्या 'व्हिक्टरी जो'मध्ये अमेरिकन सैनिक आणि गावातली मुलगी यांच्या नाजूक संबंधांची गोष्ट होती. लोकांना ताज्या जखमांवरचे चित्रपट बघायचे होते आणि कंपनीने ते दिले. ते वारं ओसरल्यावर बाई पुन्हा राजपुत्रांकडे वळल्या. १९५० च्या 'प्रिन्सिपे आमान्ते'सारखे पोशाखी चित्रपट आले.

केसोन सिटीतल्या कुबाव भागात पी. तुआसोन रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. 'प्रभात'मध्ये कसं सगळं एका आवारात असे, तसंच तिथे: सेट, कपडेपट, ध्वनिमुद्रण, लॅब, संकलन आणि पगारी माणसं. नट कराराने बांधलेले. रोहेलियो दे ला रोसा आणि त्याचा भाऊ हायमे, कार्मेन रोसालेस, लिओपोल्दो साल्सेदो, डेलिया रासोन, मारिओ मोन्तेनेग्रो, आर्मांदो गोयेना, पुढे चारितो सोलिस. विनोदाला पुगो आणि तोगो ही जोडी. नाचगाण्याला निदा ब्लांका आणि नेस्तोर दे व्हिया. १९५४ च्या 'वाराय-वाराय'मधली निदा ब्लांका म्हणजे दांडगी, हात उगारणारी, खळखळून हसणारी. नायिकेने मान खाली घालून डोळे टिपायचे, या रिवाजाला तिने छान धक्का दिला.

इथे माझी एक आवड नोंदवतो. १९५० चा 'मुत्या नांग पासिग' (पासिग नदीचं रत्न), दिग्दर्शक रिचर्ड आबेलार्दो. हा माणूस खास दृश्य-करामतींतला वाकबगार. चित्रपटाच्या गाभ्याशी जे गाणं आहे ते निकानोर आबेलार्दो या संगीतकाराने १९२६ मध्ये बांधलेलं, आणि तोही सान मिगेलचाच, डोन्या सिसांगच्या गावचा. पौर्णिमेच्या रात्री नदीतून वर येणारी, आपलं हरवलेलं राज्य आठवणारी देवी, असं ते गाणं. शब्द कळले नाहीत तरी चाल आत उतरते.

रोहेलियो दे ला रोसाबद्दलही दोन वाक्यं सांगायला हवीत. तो एलव्हीएनचा सगळ्यात मोठा नायक. १९५७ मध्ये तो सिनेटवर निवडून आला, नंतर राजदूत झाला. पडद्यावरून थेट राजकारणात जायची फिलिपिन्समधली जी वाट पुढे जोसेफ एस्त्रादाला राष्ट्राध्यक्षपदापर्यंत घेऊन गेली, ती या माणसाने पाडली. आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काय झालं ते आपण बघितलंच आहे.

त्या काळात चार मोठ्या कंपन्या होत्या: एलव्हीएन, साम्पागिता, प्रीमियर आणि लेब्रान. ढोबळ मानाने साम्पागिता म्हणजे चकचकीत, शहरी, ताऱ्यांचा चित्रपट. प्रीमियर म्हणजे मारधाड. एलव्हीएन म्हणजे गाव, गाणी, दंतकथा आणि उत्तम तंत्र. या वाटण्या सोयीसाठी केलेल्या आहेत, त्या फार ताणू नका. पण तंत्राबद्दल मी ठाम आहे. एलव्हीएनच्या १९५० च्या दशकातल्या चित्रपटांच्या सावल्या बघा. काळ्यात काळा रंग मिसळून जात नाही, चेहऱ्याची अंधारातली बाजूही वाचता येते. कॅमेरामनला जेवढं श्रेय, तेवढंच लॅबमध्ये रसायनांचं तापमान सांभाळणाऱ्या माणसाला द्यावं लागतं.

आता ज्या चित्रपटांसाठी ही कंपनी बाहेर ओळखली जाते त्यांच्याकडे येऊ. इथे मुख्य माणूस लाम्बेर्तो आवेलाना. मूळचा नाटकवाला. १९५२ मध्ये त्याने 'कोरिया' केला. कोरियन युद्धात फिलिपिन्सनेही सैन्य पाठवलं होतं, त्यावरचा. कथा लिहिली बेनिग्नो अकिनोने. होय, तोच निनॉय अकिनो, ज्याची १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. तेव्हा तो विशीतला पोरगा होता आणि त्याआधी वार्ताहर म्हणून कोरियात जाऊन आला होता. पुढच्या वर्षी 'हुक सा बागोंग पामुमुहाय' आला: शस्त्र खाली ठेवून नव्या आयुष्याकडे वळणाऱ्या हुक बंडखोराची गोष्ट. लुझोन बेटाच्या मध्य भागातल्या भातशेतीच्या कुळांचं हे बंड तेव्हा पूर्ण विझलेलं नव्हतं. चित्रपट सरकारी धोरणाच्या बाजूचा आहे हे लपत नाही, आणि कंपनीची मालकीण स्वतः जमीनदारीण होती हेही विसरू नये. तरीही शेतकऱ्याच्या हातात बंदूक का आली, हे त्यात दिसतं.

आणि मग १९५६ चा 'आनाक दालिता'. दालिता म्हणजे दुःख, दैन्य. म्हणून 'दुःखाचं लेकरू'. युद्धात पडलेलं इन्त्रामुरोस अकरा वर्षांनीही तसंच होतं, आणि त्याच्या अवशेषांत बेघर कुटुंबं खोपटी टाकून राहत होती. आवेलानाने कॅमेरा तिथेच नेला. कोरियातून जखमी होऊन परतलेला सैनिक पडक्या चर्चच्या आवारातल्या वस्तीत येतो. आई मरणाच्या दारात. शेजारी बारमध्ये काम करणारी सिता, जिला वस्तीही नावं ठेवते. तो मूळचा मूर्तिकार, पण हात निकामी झालाय. तस्करीत ओढणारा एक माणूस एका बाजूला, धर्मगुरू दुसऱ्या बाजूला. कथा म्हणून हे नाट्य बेतलेलं वाटेल. पण भोवतालचा दगड खरा आहे. छप्पर नसलेल्या चर्चच्या कमानीतून आभाळ दिसतं, तिच्या खाली दोरीवर कपडे वाळत असतात, पोरं दगडांवरून उड्या मारत जातात. सैनिक टोनी सान्तोस, सिता रोसा रोसाल. रोसालला पडद्यावर खलनायिकेचा शिक्का बसला होता. इथे ती काही न करता नुसती उभी राहते आणि तिच्या चेहऱ्यावरून थकवा, तोरा, लाज सगळं सरकत जातं. हाँगकाँगला भरलेल्या आशियाई चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक 'आनाक दालिता'ला मिळालं. त्याच महोत्सवात एलव्हीएनच्याच, ग्रेगोरियो फर्नांडेझ दिग्दर्शित 'हिगित सा लाहात'साठी रोहेलियो दे ला रोसा सर्वोत्तम अभिनेता ठरला.

रोसा रोसालचं नाव मराठी वाचकाने दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवावं. पडद्याबाहेर या बाईंनी रेडक्रॉसच्या रक्तदान कार्याला उभं आयुष्य दिलं आणि १९९९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विनोबा, बाबा आमटे, आरोळे दांपत्य यांच्यामुळे आपल्याला परिचित असलेल्या यादीत एलव्हीएनची ही नटीही आहे.

१९५७ मध्ये आवेलानाने तीच जोडी घेऊन 'बाजाव' केला. दक्षिणेकडच्या सुलू समुद्रात होड्यांवर जन्मून होड्यांवर मरणारे बाजाव लोक आणि किनाऱ्यावर हुकूम चालवणारे ताउसुग. बाजाव तरुण आणि ताउसुग घराण्यातली मुलगी. मोती, पाणबुडे, जमिनीवरच्या माणसांचा लोभ. दूरच्या जमातीकडे मनिलाच्या डोळ्यांनी बघणं यात आहे, ते खटकतं. पण पाण्यावरचं छायाचित्रण असं आहे की मोठ्या पडद्याशिवाय बघू नये.

१९५८ चा फर्नांडेझचा 'मालवारोसा' चित्रकथेवरून घेतलेला. पाच भावांमधली एकटी बहीण आणि एकेक भाऊ बिघडत जाताना तिने धरून ठेवलेलं घर. चारितो सोलिसचं काम विलक्षण आहे. मेलोड्रामा वाटेल, आणि तो आहेच. पण गरिबी माणसाच्या स्वभावाचं काय करते, हे इतक्या जवळून दाखवणारा चित्रपट त्या काळात आशियात फार सापडणार नाही.

मला विचाराल तर एलव्हीएनचा सर्वोत्तम चित्रपट १९५९ चा 'बियाया नांग लुपा', दिग्दर्शक मान्युएल सिलोस. नावाचा अर्थ 'धरतीचं देणं'. एक जोडपं लग्नानंतर लान्सोनेसची झाडं लावतं. हे फळ म्हणजे छोट्या लिंबाएवढं, पिवळसर, घोसांनी लागणारं, आत पारदर्शक गर. झाडाला फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून झाडं आणि मुलं बरोबरीने वाढतात. थोरला मुलगा मूकबधिर. गावात एक वाईट माणूस आहे, तो या घरावर घाला घालतो, बाप मारला जातो. टोनी सान्तोस आणि रोसा रोसाल इथे आईबाप आहेत. आणि रोसाल वयाने वाढत जाते ती पांढऱ्या केसांच्या जोरावर नव्हे, चालीतून. शेवटाकडे गाव एकत्र येऊन घोस उतरवतं, टोपल्या भरतं. आपल्या कोकणात आंब्याच्या पेट्या भरताना घरातली सगळी माणसं अंगणात बसतात, तसं ते दृश्य आहे. देशातल्या फामास पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट हाच.

म्हणजे १९५९ मध्ये कंपनी कलेच्या शिखरावर होती. १९६१ मध्ये तिने चित्रपट काढणं थांबवलं. असं का झालं, याला एकच कारण नाही. नटांचे भाव वाढले, आणि तारे कराराच्या बाहेर पडून स्वतःच्या कंपन्या काढू लागले. छोटे निर्माते स्टुडिओ, कायमचे कामगार, लॅब यांतलं काहीच न पोसता चित्रपट काढत, त्यामुळे त्यांचा खर्च कमी. करांचा बोजा होता, कामगारांचे तंटे होते. मोक्याची थिएटरं हॉलिवूडकडेच होती. ज्या व्यवस्थेत शंभर माणसं महिन्याच्या पगारावर असतात, तिला दर महिन्याला चित्रपट लागतो. आणि पोशाखी राजपुत्रांवरची लोकांची माया आटली, तशी गंभीर चित्रपटांची उसनवारी भागवणारी आवक आटली. 'प्रभात'चं आपल्याकडे त्याच दशकात काय झालं ते आठवलं तर वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. डोन्या सिसांग १९६६ मध्ये गेल्या.

पण एलव्हीएन तेव्हा संपली नाही, आणि हा भाग पुस्तकांत दोन ओळींत उरकतात म्हणून मी मुद्दाम सांगतोय. निर्मिती थांबली तरी लॅब आणि ध्वनिविभाग चालू राहिला, थेट २००५ पर्यंत. चव्वेचाळीस वर्षं इतरांचे चित्रपट तिथे धुतले गेले, तिथे त्यांचा आवाज मिसळला गेला. प्रेक्षकाला पडद्यावर एलव्हीएनचं नाव मोठ्या अक्षरांत दिसत नव्हतं, पण १९५० च्या दशकात तयार झालेलं कसब पुढच्या पिढीच्या चित्रपटांना मिळत राहिलं.

त्याच घरात डोन्या सिसांगचा नातू वाढला, माइक दे लिओन. ब्रोकाचा १९७५ चा जो चित्रपट तुम्हाला ठाऊक आहे, 'मायनिला सा म्गा कुको नांग लिवानाग', त्याचा निर्माता आणि छायाचित्रकार हाच. पुढे दिग्दर्शक म्हणून त्याने 'इतिम' (१९७६), 'किसापमाता' (१९८१), 'बॅच ८१' (१९८२) केले. त्यातला 'किसापमाता' बघितल्यावर रात्री झोप लागत नाही. १९७७ चा त्याचा प्रेमपट 'कुंग मांगाराप काऽत मागिसिंग' तर एलव्हीएनच्याच नावाने निघाला. निर्मिती बंद झाल्यावर सोळा वर्षांनी. म्हणून ब्रोकाच्या "आधी" एलव्हीएन, असं सरळ रेषेत मांडू नका. ब्रोकाच्या सर्वोत्तम चित्रपटाच्या कॅमेऱ्यामागे एलव्हीएनचंच पोर उभं होतं.

आता उरलं काय, याकडे. युद्धाआधीच्या शेकडो फिलिपिनो चित्रपटांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. त्यांत एलव्हीएनचे दोन: 'गिलिव को' आणि 'इबोंग आदार्ना'. 'गिलिव को'ची पुनर्बांधणी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट अर्काइव्हने केली. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या साठ्याला आग लागली तेव्हा 'प्रभात'चं काय काय गेलं, ते आठवलं की आजही पोटात कालवतं. मनिलात आगीच्या जोडीला युद्ध होतं. १९५० नंतरची फिल्म अॅसिटेटची. ती तशी भडकत नाही, पण दमट उष्ण हवेत सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो, फिल्म आक्रसते, कडा लाटेसारख्या होतात. आम्ही डब्यात निळी पट्टी ठेवतो. ती हिरवी होऊन पिवळीकडे गेली की समजायचं, वेळ थोडा आहे. मनिलाची हवा आपल्या मुंबई-कोकणासारखीच, वर्षभर दमट. त्यात आपल्याकडे १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं अर्काइव्ह काही वर्षांतच बंद पडलं आणि नवं उभं राहायला २०११ उजाडलं. मधल्या काळात जे टिकलं ते खाजगी कंपन्यांच्या गोदामांत, हौशी माणसांच्या धडपडीवर आणि परदेशी अर्काइव्हच्या थंड खोल्यांत.

तुमच्या कार्यक्रमासाठी म्हणाल, तर 'गिलिव को'पासून सुरुवात करू नका. इतिहासाच्या क्रमाने लावलेले खेळ पहिल्याच दिवशी प्रेक्षक घालवतात. पहिला 'बियाया नांग लुपा' ठेवा. शेतीशी नातं असलेला माणूस तो बघता क्षणी आपला म्हणेल. दुसरा 'आनाक दालिता'. त्यानंतर 'मालवारोसा'. मग 'इबोंग आदार्ना', आणि तो सकाळच्या खेळाला, मुलांना बोलावून. खेळाआधी कुणीतरी ती गोष्ट दहा मिनिटं रंगवून सांगा, हातावर लिंबू पिळण्यापर्यंत आणा आणि तिथे थांबा. शेवटी 'किसापमाता', म्हणजे नातवाच्या हाती आल्यावर घर या गोष्टीचं काय झालं ते दिसेल. त्याची पुनर्बांधणी इटलीतल्या बोलोन्यात झालेली आहे आणि प्रत उत्तम आहे.

परवानगीचं पत्र आधी मिळवा, प्रत नंतर मागा. उलट्या क्रमाने गेलात तर महिने जातात. इंटरनेटवर टीव्हीवरून उतरवलेल्या प्रती फिरतात, त्यांत डोकी कापलेली असतात. यातले एलव्हीएनचे जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत, चारास तीन. प्रोजेक्टरवाला पडदा भरायचा म्हणून चित्र ताणेल, त्याला ताणू देऊ नका. बाजूला काळे पट्टे राहू द्यात. मराठीत बोलणारा कुणी उपशीर्षकं वाचून दाखवणार असेल तर त्याला चित्रपट आधी दोनदा दाखवा. आणि 'आनाक दालिता'च्या वेळी हॉलचे सगळे दिवे, दाराच्या वरचा तो लाल दिवा सोडून, खरोखर बंद करा. त्या पडक्या चर्चच्या सावल्यांत लॅबवाल्यांनी जे राखून ठेवलंय, ते अर्धवट उजेडात दिसत नाही.